प्रारूपाचे उत्तर छापताना त्याची गृहीतकेही छापावीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विवाहाचे वय, कुटुंबाचा आकार, स्थलांतर, स्त्रियांचा नोकरीतील वाटा, तरुणांचा राजकीय कल अशा विषयांवरील बातम्यांमध्ये ‘विदा विश्लेषणातून असे आढळले’ किंवा ‘संगणकीय प्रारूपानुसार येत्या दहा वर्षांत असे घडेल’ ही वाक्ये आता नित्याची झाली आहेत. विदा म्हणजे गोळा केलेली माहिती (डेटा) आणि प्रारूप म्हणजे एखादी गोष्ट कशी घडते याची नियमांत व आकड्यांत केलेली मांडणी (मॉडेल). मी अनेक वर्षे संख्याशास्त्र शिकवले असल्यामुळे समाजाच्या अभ्यासाला मोजणीची आणि गणिताची जोड मिळते आहे याचा मला आनंदच वाटतो. मात्र या बातम्यांत एक उणीव सातत्याने राहते. प्रारूपाचे उत्तर मथळ्यात येते, पण ते कोणत्या गृहीतकांवर उभे आहे याचा बातमीत कोठेही उल्लेख नसतो. ही उणीव किरकोळ नाही, असे माझे मत आहे. समाजबदलाच्या अभ्यासात प्रारूपाचा मोठा उपयोग भाकितासाठी होत नाही. एखाद्या बदलाची जी कारणे आपण सांगतो, त्या कारणांतून तो बदल खरोखर घडून येऊ शकतो का, हे तपासण्यासाठी तो होतो. गृहीतके वगळली की वाचकाच्या हाती फक्त भाकीत उरते आणि तपासणीची वाट बंद होते.

हे स्पष्ट करण्यासाठी मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७८ साली मांडलेले एक उदाहरण घेतो. शंभर माणसांचा एक जमाव आहे आणि त्यातील प्रत्येकाचा एक उंबरठा ठरलेला आहे, म्हणजे आपल्याआधी किती जण दंगलीत उतरले तर आपणही उतरायचे, याचा प्रत्येकाचा एक आकडा आहे. पहिल्याचा उंबरठा शून्य, दुसऱ्याचा १, तिसऱ्याचा २, असे करत शंभराव्याचा ९९. शून्य उंबरठ्याचा माणूस कोणाचीही वाट न पाहता सुरुवात करतो, त्याला पाहून १ उंबरठ्याचा माणूस उतरतो, त्या दोघांना पाहून तिसरा, आणि ही साखळी पुढे जात जात शंभरच्या शंभर माणसे दंगलीत सामील होतात. आता या जमावातील एकाच माणसात बदल करू. ज्याचा उंबरठा १ होता त्याचा २ करू. पहिला माणूस पूर्वीप्रमाणेच सुरुवात करतो, पण एकट्याला पाहून उतरेल असा कोणीच आता जमावात नाही, आणि दंगल त्या एका माणसापाशीच थांबते. पहिल्या जमावाच्या उंबरठ्यांची सरासरी ४९.५ येते आणि दुसऱ्याची ४९.५१. इतका बारीक फरक कोणत्याही सर्वेक्षणाच्या चाळणीतून निसटून जाईल. तरीही एका जमावात शंभर दंगलखोर निघाले आणि दुसऱ्यात एकच.

ग्रॅनोव्हेटर यांनी या ठिकाणी वृत्तपत्रांचाच दाखला दिला होता, म्हणून हे उदाहरण आपल्यासमोर ठेवणे मला विशेष उचित वाटते. त्यांचे निरीक्षण असे होते की, पहिल्या घटनेची बातमी ‘जहाल लोकांच्या जमावाने दंगल केली’ अशी येईल आणि दुसरीची ‘एका माथेफिरूने खिडकी फोडली, सभ्य नागरिक पाहत राहिले’ अशी. वास्तविक दोन्ही जमाव जवळजवळ सारखेच होते. परिणाम पाहून माणसांच्या वृत्तीविषयी निष्कर्ष काढण्याची सवय आपणा सर्वांनाच आहे. माणसांच्या वृत्ती आणि त्यांच्या एकत्र येण्यातून घडणारा परिणाम यांच्यामध्ये एक यंत्रणा असते, आणि ती यंत्रणा मांडून दाखवणे हे प्रारूपाचे खरे काम आहे. सरासरीला जे दिसत नाही ते उंबरठ्यांच्या वाटणीत दडलेले असते, ही गोष्ट या शंभर माणसांच्या हिशेबाइतकी स्वच्छ अन्यत्र क्वचितच पाहायला मिळते.

हा हिशेब केवळ कागदावरचा नाही. १९८९ साली पूर्व युरोपातील राजवटी काही महिन्यांत कोसळल्या, तेव्हा त्या देशांचा आयुष्यभर अभ्यास करणारे विद्वानही चकित झाले होते. तिमूर कुरान या अर्थशास्त्रज्ञाने त्याचे जे स्पष्टीकरण दिले ते याच धर्तीचे होते. दडपशाहीखाली माणसे आपले खरे मत लपवतात. प्रत्येकाला आपण एकटेच नाराज आहोत असे वाटते, आणि म्हणून जाहीर मत व खासगी मत यांत खोल दरी पडते. अशा समाजात थोडी माणसे रस्त्यावर आली की पुढच्यांचे धाडस वाढते आणि दरी अचानक मिटते. बदल घडून गेल्यावर तो अटळ होता असे सर्वांना वाटू लागते, पण घडण्यापूर्वी तो दिसत नाही, कारण तो ज्या आकड्यांतून दिसला असता ते आकडेच लोकांनी दडवलेले असतात. या ठिकाणी प्रारूप आपल्याला तारीख सांगत नाही. तारीख का सांगता येत नाही ते मात्र सांगते, आणि माझ्या मते हे ज्ञान तारखेपेक्षा कमी मोलाचे नाही.

गृहीतके पाहण्याचा आग्रह किती महत्त्वाचा आहे हे दुसऱ्या एका प्रसिद्ध प्रारूपावरून कळते. थॉमस शेलिंग यांनी १९७१ साली चौकटींच्या पटावर दोन प्रकारची नाणी मांडून वस्त्या कशा विभागल्या जातात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना पुढे, २००५ साली, अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या शेजाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश जण आपल्यासारखे असावेत, एवढीच प्रत्येक नाण्याची अपेक्षा. ती पुरी झाली नाही तर ते नाणे रिकाम्या जागी हलवायचे. बहुसंख्य शेजारी वेगळे असले तरी ज्यांना चालते अशा या माणसांच्या हालचालींतून अखेर पटावर एकजिनसी पट्टे तयार होतात. कोणाच्याही मनात नसलेले विभाजन सर्वांच्या छोट्या छोट्या निवडींतून घडून येते, हा त्यातील धडा मोठा आहे आणि मी तो विद्यार्थ्यांना नेहमी आवर्जून सांगत असे.

परंतु याच धड्याचा गैरवापरही होतो, आणि तो वाचताना मला अस्वस्थ वाटते. सौम्य आवडीनिवडीतून विभाजन होऊ शकते हे प्रारूपाने सिद्ध केले. अमुक शहरात ते तसेच झाले हे त्याने सिद्ध केलेले नाही. अमेरिकेतील शहरांमध्ये कृष्णवर्णीयांच्या वस्त्या वेगळ्या पडल्या त्यामागे गृहकर्ज नाकारण्याच्या पद्धती होत्या, घर विकताना घातल्या जाणाऱ्या वर्णभेदी अटी होत्या, आणि हिंसाही होती. ही सर्व कारणे बाजूला सारून ‘संगणकाने दाखवले की विभाजन आपोआप होते’ असे म्हणणे म्हणजे अन्यायाला निसर्गनियमाचे रूप देणे होय. एकच चित्र अनेक निरनिराळ्या कारणांतून उमटू शकते. प्रारूपाचे चित्र वास्तवाशी जुळले म्हणजे त्यातील कारणही खरे ठरले, असा अर्थ कोणत्याही जाणत्या संशोधकाने लावू नये आणि वृत्तपत्राने तर मुळीच छापू नये.

याच्या उलट, प्रारूप न जुळण्यातून किती शिकता येते याचे एक सुंदर उदाहरण अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील लाँग हाउस व्हॅली या खोऱ्याचे आहे. या खोऱ्यात शेकडो वर्षे मका पिकवणारे लोक राहत होते आणि सन १३००च्या सुमारास ते खोरे सोडून गेले. पुरातत्त्वज्ञ आणि संगणकीय प्रारूपांचे अभ्यासक यांनी मिळून सन ८०० ते १३५० या काळाचे प्रारूप तयार केले. त्यात प्रत्येक कुटुंब हे स्वतंत्र घटक होते. झाडांच्या वार्षिक वलयांवरून त्या त्या वर्षीच्या दुष्काळाचा अंदाज बांधला होता, त्यावरून पिकाचे उत्पन्न काढले होते आणि धान्य पुरेनासे झाले की ते कुटुंब दुसरीकडे हलत होते. लोकसंख्येची वाढ आणि नंतरची घसरण प्रारूपात बऱ्याच अंशी उत्खननाशी जुळली. पण खोरे पूर्ण रिकामे झाले ही गोष्ट जुळली नाही. प्रारूपानुसार काही कुटुंबे तेथे टिकून राहू शकली असती. प्रत्यक्षात कोणीच राहिले नाही. म्हणजे दुष्काळाचे कारण खरे असले तरी अपुरे होते, आणि उरलेल्या थोड्या लोकांनीही गाव सोडण्यामागे नातीगोती, विधी, सोबतीची गरज यांसारख्या सामाजिक कारणांचा शोध घ्यावा लागला. आपले स्पष्टीकरण नेमके कोठे संपते हे दाखवून देणारे असे अपयश मला मोठ्या यशाच्या बरोबरीचे वाटते. अशा अभ्यासाची बातमी ‘दुष्काळामुळे संस्कृती नष्ट’ या मथळ्याखाली आली, तर त्या अभ्यासाचा जीवच काढून घेतल्यासारखे होईल.

प्रारूपांकडून आता प्रत्यक्ष विदेकडे वळतो. विदा मोठी असली म्हणजे ती विश्वसनीय असते, ही समजूत १९३६ सालीच खोटी ठरली होती. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या, त्यांपैकी तेवीस-चोवीस लाख परत आल्या, आणि त्यांच्या आधारे रिपब्लिकन उमेदवार लँडन हे तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना सहज हरवतील असे जाहीर केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मते मिळाली. पत्ते ज्या याद्यांतून घेतले होते त्यांत दूरध्वनी आणि मोटारी बाळगणाऱ्यांचा भरणा होता, आणि मतपत्रिका परत पाठवण्याची तसदी सर्वांनी सारखीच घेतली नव्हती. त्याहून कितीतरी लहान नमुना वापरून जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी निकालाची दिशा अचूक सांगितली. त्यानंतर सात दशकांहून अधिक काळाने गूगलने लोकांच्या शोधशब्दांवरून फ्लूच्या साथीचा अंदाज देणारी सेवा २००८ मध्ये सुरू केली. २०१२-१३च्या हंगामात तिचा अंदाज सरकारी आरोग्ययंत्रणेच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट गेला आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. शोधशब्दांतून आजार मोजला जातो असे मानले होते, पण त्यांतून आजाराविषयीची चर्चा आणि भीतीही मोजली जात होती.

नोंदींच्या विदेत आणखी एक सापळा असतो. एखाद्या अत्याचाराच्या तक्रारी दुप्पट झाल्या, तर अत्याचार दुप्पट झाले असे आपण लगेच म्हणतो. वस्तुतः तक्रार करणाऱ्याला आता दाद मिळण्याची आशा वाटू लागली असेल, किंवा गुन्ह्याची व्याख्याच विस्तारली असेल. समाज सुधारत असल्याची खूण आकड्यांत समाज बिघडल्यासारखी दिसू शकते. त्याचप्रमाणे प्रदेशांच्या आकड्यांवरून व्यक्तींविषयी बोलण्याची चूक. रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९५० साली दाखवून दिले की, अमेरिकेतील ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त होते, त्या राज्यांत साक्षरताही जास्त होती, पण व्यक्तिशः पाहिले तर परदेशात जन्मलेल्यांमध्ये साक्षरता कमीच होती. स्थलांतरित मुळात साक्षर राज्यांत जाऊन स्थायिक झाले होते, एवढाच त्याचा उलगडा होता.

समाजबदलाच्या अभ्यासातील सर्वांत अवघड प्रश्न मात्र याहून निराळा आहे, आणि त्याविषयी सामान्य वाचकांसाठी फारसे लिहिले जात नाही, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. समजा, एखाद्या प्रश्नावर वीस वर्षांपूर्वी ३० टक्के लोक अनुकूल होते आणि आज ५० टक्के आहेत. या बदलाला निदान दोन वाटा असू शकतात. त्याच माणसांनी आपली मते बदलली असतील; किंवा कोणीही मत बदलले नसेल, फक्त जुनी पिढी मागे पडून वेगळ्या विचारांची नवी पिढी पुढे आली असेल. पहिल्या प्रकारात उद्या काही घडले तर मते पुन्हा फिरू शकतात. दुसऱ्या प्रकारात बदल जन्ममृत्यूच्या गतीने, सावकाश पण सहसा मागे न फिरता होत राहतो. शिवाय तिसरी शक्यता अशी की, वय वाढले की माणसे त्या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात, आणि आजचे तरुण उद्या त्यांच्या आईवडिलांसारखेच बोलतील. वयाचा, काळाचा आणि पिढीचा परिणाम वेगळा काढण्यासाठी संशोधक दीर्घकाळ झटत आहेत. अडचण अशी की, वय म्हणजे चालू सालातून जन्मसाल वजा करून येणारा आकडा. तिघांपैकी दोन ठरले की तिसरा आपोआप ठरतो. त्यामुळे विदा कितीही गोळा केली, आणि संगणक कितीही शक्तिमान असला, तरी या तिघांना निव्वळ आकड्यांच्या जोरावर वेगळे करता येत नाही. कोठेतरी एक गृहीतक बाहेरून आणावेच लागते. ‘तरुण पिढी बदलली’ अशी प्रत्येक बातमी अशा एखाद्या गृहीतकावर उभी असते, आणि ते गृहीतक बदलले तर त्याच आकड्यांतून निराळी बातमी निघू शकते.

एकेका व्यक्तीच्या बाबतीत तर भाकिताची मर्यादा आता प्रयोगानेच मोजली गेली आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका सामूहिक अभ्यासात १६० संशोधक गटांना अमेरिकेतील चार हजारांहून अधिक कुटुंबांची, मुलाच्या जन्मापासून गोळा केलेली, प्रत्येकी हजारो बाबींची माहिती देण्यात आली होती. मूल पंधरा वर्षांचे झाल्यावर त्याचे शाळेतील गुण, कुटुंबाची आर्थिक ओढाताण, घर सोडावे लागणे अशा सहा गोष्टी सांगायच्या होत्या. संगणकाने विदेतून स्वतः शिकण्याच्या (मशीन लर्निंग) अत्याधुनिक पद्धती वापरूनही सर्वोत्तम प्रारूप केवळ चार बाबींवर आधारलेल्या साध्या प्रारूपापेक्षा किंचितच सरस ठरले. कोणते कुटुंब अडचणीत येईल, कोणते मूल मागे पडेल, हे संगणकाकडून ठरवून घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक शासनाने हा निष्कर्ष निर्णयापूर्वी वाचावा असे मला कळकळीने वाटते. अशा निर्णयांत चुकीच्या भाकिताची किंमत जे कुटुंब मोजते, त्याला ते भाकीत कशावर बेतले होते हे विचारण्याची सोयही बहुधा नसते.

यावर काही वाचक म्हणतील की, मग माणसांच्या समाजाला गणित लावण्याचा खटाटोपच सोडून द्यावा. मला तसे वाटत नाही. अग्रलेखात ‘बेकारी वाढल्यामुळे असंतोष वाढला’ असे लिहिणाऱ्याच्या मनातही एक प्रारूप असतेच. किती बेकारी, कोणत्या वयोगटात, किती काळानंतर, कोणत्या मार्गाने, हे त्यात सांगितलेले नसते, आणि म्हणून ते कधी चुकीचेही ठरत नाही. संगणकाला आज्ञावली लिहून द्यायची तर यांतील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. ही सक्ती हाच या पद्धतीचा मोठा उपकार आहे. आपण काय मानून चाललो आहोत हे उघड सांगावे लागते, आणि उघड सांगितलेले दुसऱ्याला खोडून काढता येते.

म्हणून आपणास माझी विनंती अशी आहे की, प्रारूपावर किंवा मोठ्या विदेवर आधारलेली समाजविषयक बातमी छापताना तिच्यासोबत एक लहान चौकट द्यावी. नेमके काय मोजले आणि त्या शब्दाची व्याख्या मधल्या काळात बदलली का, मोजणीत कोण सुटले, माणसे कोणत्या नियमाने वागतात असे धरले, आणि ते नियम थोडे इकडेतिकडे केले तर उत्तर किती हलते, एवढे त्या चौकटीत यावे. संशोधकाने शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दिले नसेल तर ‘ही चाचणी केल्याचे सांगितलेले नाही’ असे स्पष्ट लिहावे. यासाठी बातमीदाराला गणित येण्याची गरज नाही. हे प्रश्न विचारण्याची सवय मात्र लागेल. अनेक गृहीतकांवर बेतलेली अनेक चित्रे एखाद्या अहवालात असतील, तर त्यांतील सर्वांत भयावह चित्र तेवढे उचलण्याऐवजी त्यांच्यातील अंतर छापावे. मतांमधील बदलाची बातमी असेल तर एकाच वेळी विचारलेल्या तरुण-वृद्धांची ती तुलना आहे, की त्याच माणसांना पुन्हा पुन्हा विचारले आहे, एवढे एक वाक्य तरी द्यावे.

आणखी एक सूचना आपल्या विद्यार्थ्यांसाठीच्या पानाबाबत आहे. ग्रॅनोव्हेटर यांचा शंभर माणसांचा हिशेब करायला संगणक लागत नाही. शून्य ते नव्व्याण्णव आकडे लिहिलेल्या शंभर चिठ्ठ्या पुरतात. त्यांतील एकेक चिठ्ठी बदलून पाहावी, कोणती बदलली तर साखळी कोठे तुटते याची नोंद करावी, आणि मग चिठ्ठ्यांवरचे आकडे गठ्ठ्यागठ्ठ्याने बदलून पुन्हा पाहावे. माझ्या वर्गात हे करताना विद्यार्थी तासाची घंटा वाजली तरी उठत नसत. आपण हा प्रयोग छापण्याचे ठरवल्यास त्याची कृती आणि नोंदीचा तक्ता मी लिहून पाठवीन.

कळावे,
आपला विश्वासू,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक